पाणबुड्यांची जाकिटं धुणारी मंगला

पालघरच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावात सकाळी कुणाच्याही अंगणात शिरलात तर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. मंगलाच्या अंगणातही दिसतात. पण तिच्या पडवीत, जिथं ऊन कधीच पोचत नाही तिथं, पाणबुड्यांची जाकिटं टांगलेली असतात. काळी, जाडजूड, अर्धवट फुगवलेली, डाव्या खांद्यावरून चुण्याचुण्यांची रबरी नळी लोंबणारी. गावात नवा आलेला माणूस लांबून बघतो तेव्हा त्याला वाटतं, मंगलाच्या पडवीत माणसं रांगेनं पाठमोरी उभी आहेत.

ती नळी जिथं संपते तिथं मुठीत मावेल एवढी एक प्लॅस्टिकची वस्तू असते. तिच्यावर दोन बटणं. एक दाबलं की पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा जाकिटात शिरते आणि माणूस वर उचलला जातो. दुसरं दाबलं की हवा निघून जाते आणि माणूस खाली बसतो. पाणबुडे तिला इन्फ्लेटर म्हणतात. मंगलाच्या जिभेला तो शब्द सुरुवातीला वळेना, म्हणून ती तिला मूठ म्हणू लागली. पुढं पाणबुडेसुद्धा तिच्यापाशी आले की मूठच म्हणायला लागले.

हे सगळं सुरू झालं तिच्या नवऱ्यामुळं. दिनानाथ मच्छीमाराच्याच घरातला, पण त्याचा जीव बोटीपेक्षा पाण्याखाली जास्त रमायचा. लहानपणी खडकांत कालवं काढताना तो इतका वेळ बुडी मारून बसायचा की आई किनाऱ्यावरून बोंब ठोकायची. लग्नानंतर लवकरच बोईसरच्या एका लहानशा कंत्राटदाराकडं त्याला पाणबुड्याचं काम मिळालं. जेट्टीच्या खांबांना चिकटलेली कालवं खरवडायची, बोटीच्या पंख्यात अडकलेलं जाळं कापायचं, समुद्रातल्या पाइपांच्या तोंडावरच्या जाळ्या साफ करायच्या. इकडचं पाणी गढूळ. खाली गेलं की स्वतःचा हात दिसत नाही. सगळं चाचपून करायचं.

त्याला मिळालेलं जाकीट तो रोज सायकलच्या मागं बांधून घरी आणायचा. कंत्राटदाराच्या खोलीत बाकीची जाकिटं ओली तशीच कोपऱ्यात पडून राहायची, ते त्याला बघवत नसे. घरी आल्यावर मंगला ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची. तेव्हा दांडीत गोडं पाणी म्हणजे गावाबाहेरच्या विहिरीवरून डोक्यावरून आणलेलं पाणी. शेजारची साखरबाई कुंपणावरून तोंड काढून म्हणायची, "मानसांना प्यायला पानी नाय, नि हिच्या नवऱ्याचं जाकीट आंघोल करते!"

"खारं पानी हाडांत मुरतं गो मावशी," मंगला हसून म्हणायची, "याला तर हाडं पन नाय."

ते दिवस तिला आजही आठवतात ते वासासकट. ओल्या रबराचा वास, दिनानाथच्या केसांतला समुद्राचा वास, चुलीवरच्या कालवणाचा वास. तेजल तेव्हा पाळण्यात होती. जेवता जेवता दिनानाथ खालच्या गोष्टी सांगायचा. आज पाइपाच्या तोंडाशी लांब मिशांची शेवंड बसली होती. आज हाताला काय लागलं म्हणून बघतो तर कुणाची तरी चप्पल. खाली प्रवाह असा ओढतो की खांबाला मिठी मारून बसावं लागतं. मंगला घास हातात धरून ऐकत राहायची. "मना पन एकदा ने," ती म्हणायची. "नेईन की," तो म्हणायचा. दोघांनाही ठाऊक होतं की असं कुणी कुणाला नेत नाही. पण बोलायला छान वाटायचं.

मग तो दिवस आला. कंत्राटदाराकडं एक नवा पाणबुड्या लागला होता. त्याच्या अंगाला खोलीतलं एकही जाकीट बसेना, म्हणून दिनानाथनं आपलं त्याला दिलं आणि स्वतः कोपऱ्यातलं एक घेऊन उतरला. काम संपवून वर निघताना त्यानं हवा भरायचं बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं. बटण आत गेलं आणि बाहेर आलंच नाही. जाकीट फुगत चाललं. त्यानं सिलिंडरकडून येणारी नळी उपसायला बघितलं, तर तिची जोडणीची कडी मिठानं अशी धरलेली की हलेना. हवा सोडायचं बटण दाबून धरलं, पण जेवढी हवा जात होती त्याहून जास्त आत येत होती. तो बुचासारखा वर फेकला गेला. श्वास रोखायचा नाही, सोडत राहायचं, एवढं त्याच्या ध्यानात राहिलं म्हणून छाती वाचली. डावा कान मात्र गेला.

बोईसरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कानाच्या आतल्या भागाला मार बसला आहे, आता पाण्याखाली जायचं नाही. कान गेला ते एक वेळ चाललं असतं. पण त्याचा तोलही गेला. बोटीत उभा राहिला की डोकं गरगरायचं. मच्छीमाराच्या पोराला बोटीत उभं राहता येऊ नये, याचं दुःख दांडीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिनानाथ घरी बसून जाळी विणू लागला. आणि जेवताना गप्प बसू लागला. खालच्या गोष्टी बंद झाल्या त्या झाल्याच.

मंगला रडली, देवाला बोलली, सगळं केलं. पण तिच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. एवढंसं बटण. ते अडकलं कसं?

कंत्राटदाराच्या सिलिंडरांची आणि जाकिटांची दुरुस्ती आनंदा नावाचा एक फिटर करायचा. खटाव तालुक्यातला माणूस, बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला, हे काम सुट्टीच्या दिवशी. काम त्याच्यापर्यंत यायचं तेही काही बिघडल्यावरच. एका रविवारी मंगला तेजलला कडेवर घेऊन एसटीनं बोईसरला गेली आणि विचारत विचारत त्याच्या चाळीत पोचली.

आनंदानं दार उघडलं आणि तो घाबरला. त्याला वाटलं, बाई भांडायला आली.

"वैनी, लई वाईट झालं," तो म्हणाला. "मी तर ती जाकिटं सहा-सहा म्हैने बघितलेलीबी नसत्यात. मला कुणी बोलवतच न्हाई."

"मी भांडायला नाय आली, आनंदाभाऊ," मंगला म्हणाली. "ते बटन अडकलं कसं, ते मना दाखवा."

आनंदानं बायकोला चहा टाकायला सांगून खाटेखालची ट्रंक ओढली. ते जाकीट दुरुस्तीसाठी त्याच्याकडंच आलं होतं. त्यानं मूठ सोडवली, स्वयंपाकघरातलं एक ताट मागून घेतलं, म्हणजे बारके भाग घरंगळून जाऊ नयेत, आणि ती उघडली.

आतून बाहेर आलं ते मंगलाला नवं नव्हतं. स्प्रिंगभोवती पांढरा खार बसला होता. पितळी भागावर हिरवट बुरा. एका रबरी कड्याला बारीक चीर गेलेली, तिच्यात वाळूचा कण.

"हे तर मीठ हाय," मंगला म्हणाली.

"मीठच. समुद्राचं पानी आत ऱ्हातं, वाळतं, मीठ मागं ऱ्हातं. परत पानी, परत मीठ. मग ही स्प्रिंग बटनाला माघारी ढकलंना." त्यानं चिमट्यानं मधला व्हॉल्व उचलून दाखवला. "सायकलच्या ट्यूबमदी असतो ना, त्याचाच भाऊ हाय ह्यो."

"नि हे साफ होतं?"

"न व्हायला काय झालं? कोमट गोडं पानी. बुरा असंल तर पांढरा शिरका, पानी घालून पातळ केल्याला. दात घासायचा मऊ ब्रश. वाळलं की कड्याला ग्रीस, अगदी बोटाला कळंल न कळंल एवढं."

"खोबरेल चालंल?"

"न्हाई न्हाई! तेलानं रबर फुगतं, वैनी. सिलिकॉनचं ग्रीस पायजे. मी देतो."

मंगलानं तेजलला आनंदाच्या बायकोच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि ताट आपल्यापुढं ओढलं. जन्मभर मासळीला मीठ लावणारे आणि मासळीचं मीठ धुणारे हात ते. किती चोळायचं आणि कुठं थांबायचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मूठ परत जोडून आनंदानं ती सिलिंडरला लावली, पाण्याच्या बादलीत धरली आणि बटण दाबलं. फस्स. सोडलं. गप्प. पुन्हा फस्स, पुन्हा गप्प. मंगलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिचं तिलाच कळेना की का. आनंदा बादलीकडंच बघत राहिला. त्याची बायको म्हणाली, "चहा निवला की वो."

त्यानंतर ती रविवारी जात राहिली. व्हॉल्व कसा फिरवून काढायचा, कडं कधी बदलायचं आणि कधी नुसतं धुवायचं, जाकिटाच्या पोटात गोडं पाणी भरून ते खळखळ हलवून कसं ओतायचं, सगळं शिकली. कंत्राटदाराकडच्या पाणबुड्यांच्या कानावर हे गेलं. दिनानाथचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. एक एक करून ते आपापली जाकिटं घेऊन दांडीला येऊ लागले.

दिनानाथला ते खपलं नाही. पडवीत जाकिटं आली की तो उठून किनाऱ्यावर निघून जायचा. एकदा तिला म्हणाला, "ज्यानं मना घरी बसवलं, तेच तू घरात आनून ठेवलं."

"तुमाला बसवलं ते घानीनं," मंगला म्हणाली. "मी घान काढते."

तरी तो किनाऱ्यावर गेलाच.

असं बराच काळ चाललं. मग एका दुपारी मंगला अंगणात सिलिंडरला लावलेल्या एका मुठीशी झटत होती. बटण सुटलं की हवा बंद व्हायला हवी, ती होते की नाही याची तिला शंका होती. कान लावला तर वाऱ्याच्या आवाजात काही कळेना. घमेल्यात बुडवली तर वरच्या उजेडाच्या तिरिपीत बुडबुडे दिसेनात. दिनानाथ दाराशी जाळं विणत होता. तो उठला, घमेल्याजवळ उकिडवा बसला आणि ओंजळीनं पाण्यावर सावली धरली.

"येतो," तो म्हणाला. "बारीक हाय. एकच बुडबुडा, थांबून थांबून. कडं बदल."

तेव्हापासून तो कामाला बसू लागला. त्याला फुसफुस ऐकू यायची नाही, तिला बुडबुडा नीट दिसायचा नाही. ती कान लावायची, तो डोळे. गावातल्या बायका म्हणायच्या, या दोघांचं मिळून एक धड माणूस होतं. मंगलाला ते बोलणं लागायचं नाही, उलट आवडायचं. पण घमेल्याजवळ बसूनही दिनानाथ समुद्राच्या पोटातलं काही बोलायचा नाही. मुठीबद्दल बोलायचा, कड्याबद्दल बोलायचा, शिरक्याच्या वासाला नावं ठेवायचा. त्यापलीकडं नाही.

वर्षं गेली. कंत्राटदारानं धंदा बंद केला. त्याचे पाणबुडे कुणी गुजरातला गेले, कुणी गोव्याला, आणि तिथून कुरिअरनं मुठी पाठवू लागले. आनंदा निवृत्त होऊन गावी गेला. जायच्या आधी सहकुटुंब दांडीला आला, तांबोशीचं कालवण आणि भाकरी पोटभर जेवला. निघताना पडवीत उभा राहून त्यानं प्रत्येक जाकिटाची बटणं दाबून बघितली, आणि म्हणाला, "वैनी, आता मला हितं काय काम न्हाई बगा." करोनाच्या दुसऱ्या वर्षी तो गेला. मंगलाला ते कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. तिनं त्याच्या बायकोला फोन लावला, आणि दोघी जणी बराच वेळ त्या पहिल्या रविवारबद्दल बोलत राहिल्या.

अलीकडं तिच्याकडं जास्त काम येतं ते मनोरहून. तिथल्या काही तरुणांनी मिळून नदीत, धरणात बुडालेल्यांना शोधणारं पथक उभं केलं आहे. त्यांचा पुढारी कैलास, डोंगराकडच्या पाड्यावरचा, शिस्तीचा आणि हसरा. पावसाळ्यात पूर येतात, माणसं वाहून जातात, आणि ही पोरं गाळात उतरतात. त्यांच्या मुठींत मीठ नसतं, चिखल असतो. पिठासारखा बारीक. मंगलाला तो मिठापेक्षा त्रास देतो. "मीठ पान्यात विरघलतं तरी," ती कुरकुरते, "हा नुसता बसून राहतो, पाव्हन्यासारखा."

यंदा पावसाळा संपल्यावर कैलास जाकिटं घ्यायला आला तेव्हा त्यानं सांगितलं की भादव्यातल्या पुरात त्यांच्यातला एक जण पाण्याखाली झाडाच्या फांद्यांत अडकला होता. फांद्यांत गुंतलेला दोर सुटला, मग बटण दाबून तो सरळ वर आला. "बटण दाबलं नि सुटलं, काकी. बस, तेवढंच."

दिनानाथनं विचारलं, "नि सोडल्यावर थांबलं?"

"थांबलं ना."

दिनानाथनं मान हलवली.

निघता निघता कैलास म्हणाला, "काकी, तुमी कधी पाण्यात उतरलात?"

"गुडघाभर. मासली धुवायला."

"मग एकदा या. मनोरच्या अलीकडं जुनी दगडखाण हाय, पाण्यानं भरलेली. थंडीत पाणी एकदम नितळ. आमी तिथं सराव करतो. मी स्वतः तुमचा हात धरून नेतो."

मंगला खळखळून हसली. "मना? या वयात? लुगडं नेसून?"

"जा," दिनानाथ म्हणाला.

दोघांनीही त्याच्याकडं बघितलं. तो मान खाली घालून जाळं विणत होता.

हो-नाही करत ती जानेवारीत गेली. अंगात तेजलची जुनी लेगिंग आणि दिनानाथचा शर्ट. साखरबाई आता पार म्हातारी झाली आहे, तिनं कुंपणावरून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. पालघरला बस बदलून ती आणि दिनानाथ मनोरला पोचली. पथकातल्या पोरींनी तिला लग्नातल्या नवरीसारखं तयार केलं. जाकीट तिच्या हातचंच होतं. बकल लावता लावता तिनं सवयीनं मूठ हातात घेतली, दाबली, सोडली, कान लावला. पोरी हसल्या.

आधी कमरेएवढ्या पाण्यात कैलासनं तिला बसवलं. तोंडातून श्वास घ्यायचा, सोडायचा, घाबरलात तर हात असा करायचा. पहिल्यांदा तिनं डोकं बुडवलं आणि ताडकन उभी राहिली. दुसऱ्यांदाही. "जमायचं नाय," ती म्हणाली. काठावर दिनानाथ खडकावर बसला होता. तिथं तोल जाऊ नये म्हणून एका हातानं त्यानं झाडाची मुळी धरली होती. तो ओरडला, "सोडताना मोज गो! घेताना नको, सोडताना!"

तिसऱ्यांदा ती खालीच राहिली.

मग कैलासनं तिचा हात धरून तिला हळूहळू खोलात नेलं. फार नाही, एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहील एवढं. मंगलानं डोळे उघडले. हिरवा उजेड वरून तिरपा उतरत होता. खाणीच्या भिंतीवर सुरुंगाच्या पहारींच्या उभ्या खुणा अजून स्वच्छ दिसत होत्या. मरळीचं एक पिल्लू तिच्या काचेसमोर येऊन थांबलं, जणू ओळख विचारायला. बाजारात तिनं आयुष्यभर मासे बघितले होते, पण त्यांतल्या एकाही माशानं तिच्याकडं बघितलं नव्हतं.

कैलासनं खूण केली. तिनं मूठ वर धरली आणि भरायचं बटण टिचकीसारखं दाबलं. फस्स. तो आवाज कानांतून आला नाही, छातीतून आला. जाकिटानं तिला कुशीत घेतल्यासारखं धरलं आणि ती हातभर वर उचलली गेली. बोट काढलं. आवाज थांबला. ती पाण्यात जिथल्या तिथं, ना वर ना खाली, राहिली. आयुष्यात इतकी हलकी ती कधी झाली नव्हती. डोक्यावर पाण्याचा हंडा नाही, मासळीची टोपली नाही. किती वेळ ती तशी राहिली, तिला सांगता येत नाही.

बाहेर आली तेव्हा दात कडकड वाजत होते. पोरींनी घोंगडी गुंडाळली. दिनानाथ खडकावरून खाली सरकत सरकत आला आणि तिच्याशेजारी बसला. उजवा कान तिच्याकडं करून.

"काय दिसलं?"

"तुमी मना कधी सांगितलं नाय," मंगला म्हणाली, "का खाली आपलाच श्वास एवढा मोठ्यानं ऐकू येतो म्हनून."

दिनानाथ हसला. पहिल्यांदा ओठांत, मग मोठ्यानं. "ते मी विसरलेलोच गो. रोजचं होतं ना."

कैलासनं चहा दिला. परतीच्या बसमध्ये खिडकीशी मंगला बसली, केस अजून ओले. रस्त्याला उतरतं ऊन होतं. मासवणच्या पुलावरून जाताना दिनानाथनं नदीकडं बघितलं आणि आपण होऊन बोलायला लागला.

"जेट्टीच्या शेवटच्या खांबापाशी एक घोल असायची. ही एवढी. गढूल पान्यात दिसायची नाय, पन पाठीला घासून जायची तेवा कलायचं, आली म्हनून. कुनाला सांगितलं नाय मी. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी जालं लागलं असतं."

"घोल? सोन्याच्या भावाची मासली, नि तुमी धरली नाय?" मंगला त्याच्याकडं वळली. "मंग?"

"मंग काय? काम संपलं की मी तिथं थोडा वेल थांबायचो. ती यायची."

"रोज?"

"रोज नाय. भरती असली तर."

बस खड्ड्यांतून हेलकावे खात होती. दिनानाथनं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला आणि बोलत राहिला. त्या नव्या पाणबुड्याबद्दल, पाइपाच्या तोंडाशी सापडलेल्या नांगराबद्दल, एकदा दोर तुटला त्याबद्दल. मंगला मध्ये मध्ये "मंग?" म्हणत होती. पालघर आलं, कंडक्टरनं आवाज दिला, लोक उतरले, तरी दोघं बसूनच होती.